एमआरआयचं ऐकावं किती?

1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या कारिन यान्झ या वीस वर्षांच्या जिम्नॅस्टने दोन सुवर्णपदकं पटकावली. पुढे त्या अस्थिशल्यविशारद झाल्या. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात सहकारी कुर्ट शेलनाक यांच्यासोबत त्यांनी कमरेच्या मणक्यांत बसवायची कृत्रिम चकती घडवली. वरखाली धातूच्या तबकड्या आणि मधे सरकता प्लास्टिकचा गाभा अशी तिची रचना. 1984 मध्ये ती प्रथम रुग्णाच्या शरीरात बसली. झिजलेला भाग काढून नवा घालायचा, हा विचार तेव्हापासून शल्यविशारदांना खुणावतो आहे.

पण मुळात झिजतं काय? पाठीच्या कण्यात 23 चकत्या असतात. आपल्याकडे त्यांना मणक्यांतली गादी म्हणतात. बाहेर चिवट तंतूंचे थर, आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर. प्रौढ माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. शेजारच्या मणक्यांतून जे पाझरतं त्यावर ती जगते. म्हणून तिची झीज सहसा भरून येत नाही. वयाबरोबर गरातलं पाणी घटतं, चकतीची उंची कमी होते आणि ‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्य कानावर पडतं. दोष नेहमी जड ओझ्यांचा नसतो. फिनलंडमधल्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत कामाच्या स्वरूपापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा मोठा निघाला.

खरी गफलत एमआरआयचा अहवाल हाती आल्यावर होते. अमेरिकेत 1994 मध्ये कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांची अशी तपासणी झाली; त्यांतल्या 64 टक्के लोकांच्या चकत्यांत काही ना काही बिघाड दिसला. 2015 च्या एका मोठ्या आढाव्यानुसार, दुखणं नसलेल्या विशीतल्या माणसांतही 37 टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या दिसतात. ऐंशीत हे प्रमाण 96 टक्के! त्यामुळे अहवालातल्या ओळींपेक्षा रुग्णाचं दुखणं कुठे, कधी आणि कशाने वाढतं याला अधिक वजन द्यायला हवं.

उपचारांची सुरुवात चालण्यापासून होते. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले पोटाचे आणि पाठीचे व्यायाम, गरजेपुरत्या वेदनाशामक गोळ्या, वजनावर ताबा, सिगारेट बंद. दिवसेंदिवस अंथरुणात पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात.

मग शस्त्रक्रिया? गोल्फपटू टायगर वुड्सच्या पाठीवर आधी तीन शस्त्रक्रिया झाल्या होत्या. 2017 मध्ये कमरेच्या तळाचे मणके जोडण्यात आले आणि 2019 मध्ये त्याने मास्टर्स जिंकली. उदाहरण खरं आहे, पण ते सर्वांना लागू करणं धोक्याचं. ब्रिटनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या 349 रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2005 मध्ये आले. मणके जोडलेले आणि सखोल व्यायामोपचार घेतलेले, यांच्यात दोन वर्षांनंतर फार फरक उरला नव्हता. कृत्रिम चकतीचंही तसंच: नॉर्वेच्या 2011 च्या चाचणीत ती व्यायामोपचारांपेक्षा सरस ठरली, मात्र थोडक्यात.

काही लक्षणं मात्र थांबू देत नाहीत. पाऊल उचलता न येणं, पायातली ताकद कमी होत जाणं, जांघांमधली संवेदना हरपणं, लघवी अडणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यांतलं काहीही जाणवलं तर व्यायाम, पट्टा, मालिश सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.