खडूंनीं उजेड कसा रंगवावा?

निसर्गचित्र म्हटलें कीं जलरंगांची पेटी, पाण्याचा पेला आणि कुंचला हीं तीन साधनें आमच्या विद्यार्थिबंधूंच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. या तिहींवांचूनही निसर्गाचें सुंदर चित्र होऊं शकतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तें साधन म्हणजे मऊ रंगीत खडू, अथवा पेस्टल. या खडूंविषयीं दोन शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. परंतु त्यांच्या निमित्तानें आम्हांस खरोखर सांगावयाचें आहे तें उजेडाविषयीं.

प्रथम हे खडू कसले असतात तें पाहूं. लहान मुलें वापरतात त्या मेणाच्या किंवा तेलाच्या कांड्या निराळ्या. मऊ पेस्टल म्हणजे रंगाची कोरडी पूड. ती पांढऱ्या खडूच्या भुकटींत मिसळून, डिंकाच्या अगदीं पातळ पाण्यांत मळून, तिच्या कांड्या वळून वाळवितात. डिंक इतका थोडा कीं, नुसतें बोट लागलें तरी रंग निघावा. म्हणूनच या खडूंस गुळगुळीत कागद चालत नाहीं. खरखरीत कागदाच्या दातांत ती पूड अडकून राहते. यांत तेल नाहीं, त्यामुळें तेलाप्रमाणें कालांतरानें पिवळें पडण्याचें भय नाहीं. अठराव्या शतकांत व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएरा या चित्रकर्त्रीनें काढलेल्या मुखचित्रांची टवटवी अद्याप टिकून आहे, ती यामुळेंच.

निसर्गासाठीं या खडूंचा उपयोग कसा करावा, हें शिकावयाचें तर मनानें फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील ऑनफ्लर या बंदराच्या गांवीं जावें. तेथें १८२४ सालीं एका दर्यावर्दीच्या घरीं यूजेन बूदँ याचा जन्म झाला. समुद्रावरील आकाश क्षणोक्षणीं पालटतें. तैलरंग कालवीत बसलें तर ढग निघून जातो. खडूस ना कालवणें, ना वाळण्याची वाट पाहणें. म्हणून बूदँनें खडूंनीं आकाशाचीं लहान लहान चित्रें काढिलीं, आणि प्रत्येकावर तारीख, वेळ व वारा यांची नोंद केली. १८५९ सालीं बोदलेर या कवीनें तीं पाहून मोठी वाखाणणी केली. ती नोंद हातानें झांकली तरी ऋतु, वेळ व वारा ओळखतां येईल, असा त्याचा अभिप्राय होता. पुढें जगप्रसिद्ध झालेल्या मोने यास उघड्यावर चित्र काढण्याची गोडी लाविली तीही या बूदँनेंच.

आतां आमची फजिती सांगतों. आमच्या शाळेच्या विहिरीजवळ एक जुना आंबा होता. एका सुटींत आम्हीं त्याचें चित्र काढिलें. पालवीसाठीं हिरवी कांडी, खोडासाठीं तपकिरी, आकाशासाठीं निळी, असे एकूण एक रंग पारखून घेतले. चित्र पाहून एका मित्रानें विचारलें, "ही वेळ सकाळची कीं संध्याकाळची?" आम्हांस उत्तर देतां येईना. त्याच पावसाळ्यांत तें झाड उन्मळून पडलें. चित्र आजही आमच्यापाशीं आहे. त्यांतील झाड ओळखूं येतें. पण ज्या उजेडांत आम्ही त्याखालीं बसत होतों, तो त्यांत कोठेंच नाहीं.

चूक रंगांत नव्हती. ती उजेडाच्या पायऱ्यांत होती. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एक जिना आहे अशी कल्पना करा. प्रत्येक वस्तु, मग तिचा रंग कोणताही असो, त्या जिन्याच्या कोणत्या तरी पायरीवर उभी असते. पानांचा हिरवा व खोडाचा तपकिरी हे रंग भिन्न, परंतु सावलींत दोघांची पायरी एकच असूं शकते. ही पायरी ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे डोळे अर्धवट मिटून पाहणें. मग बारीकसारीक तपशील नाहींसा होतो आणि उजेड व अंधार यांचे चार-पांच मोठे तुकडे तेवढे उरतात. हल्लीं मोबाइलवर छायाचित्र घेऊन त्यांतील रंग काढून टाकतां येतात; परंतु यंत्र पुष्कळदां सावली फार काळी दाखवितें, म्हणून डोळ्यांवरच भरंवसा ठेवावा.

हे तुकडे कोणत्या क्रमानें असतात, याचा नियम जॉन कार्लसन या अमेरिकन चित्रकारानें १९२९ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडिला आहे. उजेड आकाशांतून येतो, म्हणून आकाश सर्वांत उजळ. सपाट जमीन तो उजेड सरळ अंगावर घेते, म्हणून ती दुसरी. डोंगराच्या उतारावर तो तिरपा पडतो, म्हणून उतार तिसरा. उभ्या झाडावर तो सर्वांत कमी पडतो, म्हणून झाड सर्वांत गडद. अर्थात् नियमास अपवाद आहेतच. आषाढांत काळे ढग दाटून आले असतां एखाद्या फटींतून भातखाचरांवर ऊन पडतें, तेव्हां जमीन उजळ व आकाश गडद असें उलटें दृश्य दिसतें. पण नियम ठाऊक असेल त्यासच अपवादाचें सौंदर्य कळतें.

खडूंनीं चित्र काढणारास हें ज्ञान विशेष हवें. जलरंगांत पाणी वाढवून रंग फिका करितां येतो; खडूची पायरी मात्र कांडींतच ठरलेली असते. म्हणून कांड्या रंगांप्रमाणें न लावतां गडदपासून फिक्यापर्यंत ओळीनें लावाव्या. कागद मध्यम छटेचा, करडा किंवा मातकट घ्यावा. म्हणजे गडद आणि उजळ दोन्ही त्यावर उठून दिसतात. आधीं गडद तुकडे हलक्या हातानें भरावे, मग मधले, आणि सर्वांत उजळ फटकारे शेवटीं. बोटानें फार घोटूं नये. घोटल्यानें कागदाचे दांत भरून जातात व रंगाचें तेज मंदावतें. पूड तोंडानें फुंकूं नये, कारण कांहीं रंग विषारी असतात. फळी उभी धरून मागून टिचकी मारावी, आणि काम संपल्यावर हात स्वच्छ धुवावे. चित्र कांचेंत बसवितांना कांच कागदास टेंकणार नाहीं अशी योजना करावी.

विद्यार्थिबंधूंनो, यासाठीं दूर जावयास नको. घराची गच्ची, नदीचा घाट, शाळेचें आवार, कोणतीही जागा पुरे. अर्धा तास बसा; तेवढ्यांत उजेड बदलतो, म्हणून सावल्यांच्या कडा प्रथम आंखून घ्या आणि पुढें त्या सरकल्या तरी त्यांच्या मागें लागूं नका. चित्र संपलें कीं मागील बाजूस तारीख, वेळ व वारा लिहून ठेवा. मग तें लिहिलेलें झांकून मित्रास दाखवा, आणि वेळ कोणती तें विचारा. त्यानें बरोबर सांगितलें, तर तुमचें चित्र साधलें. जें आज रोज दिसतें तें उद्यां दिसेलच असें नाहीं. आम्हांस हें आंब्यानें शिकविलें, पण फार उशिरा.