मल्टिपल मायलोमाच्या बाह्यरुग्ण उपचारांतील सायटोकाइन लक्षणसमूहाचा प्रतिबंध

मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग आहे. टेक्लिस्टामॅबसारख्या द्विलक्ष्यी प्रतिपिंडांनी त्यावर उपचार करताना रुग्णाची प्रतिकारशक्ती अतिरेकाने उत्तेजित होऊन ताप, रक्तदाब घटणे व श्वासास त्रास ही लक्षणे उद्भवू शकतात. त्यांना सायटोकाइन मुक्तता लक्षणसमूह म्हणतात. ही गुंतागुंत टाळता आली किंवा वेळीच ओळखता आली, तर उपचाराचा आरंभही रुग्णालयात दाखल न होता करता येतो.

कारण

टेक्लिस्टामॅब एका बाजूने मायलोमा पेशीवरील बीसीएमए या प्रथिनाला व दुसऱ्या बाजूने टी-पेशीवरील सीडी३ या प्रथिनाला जोडले जाते. उत्तेजित टी-पेशी कर्कपेशींचा नाश करतात; त्या वेळी इंटरल्युकिन-६ व इतर सायटोकाइने रक्तात मोठ्या प्रमाणात मिसळतात. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली. मान्यतेला आधारभूत ठरलेल्या चाचणीतील १६५ रुग्णांपैकी सुमारे ७२ टक्के रुग्णांत हा लक्षणसमूह आढळला. मात्र तो बहुतांशी सौम्य होता.

प्रतिबंधाचे उपाय

पूर्ण मात्रा एकदम दिली जात नाही. शरीराच्या दर किलो वजनास प्रथम ०.०६, नंतर ०.३ व त्यानंतर १.५ मिलिग्रॅम अशी ती चढत्या क्रमाने देतात. या प्रत्येक मात्रेपूर्वी डेक्सामेथासोन, पॅरासिटामॉल व अॅलर्जीरोधक औषध दिले जाते.

टोसिलिझुमॅब हे औषध इंटरल्युकिन-६ चा ग्राही रोखते. मूलतः लक्षणे दिसल्यावर वापरले जाणारे हे औषध पहिल्या मात्रेपूर्वीच देण्याचा प्रयोग झाला. अशा २४ रुग्णांच्या लहान गटात लक्षणसमूहाचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशापर्यंत खाली आले. मज्जासंस्थेवरील दुष्परिणाम मात्र त्याने टळतातच असे नाही.

घरातील देखरेख

लक्षणे साधारणपणे मात्रेनंतर दोन दिवसांच्या सुमारास दिसतात. त्यामुळे धोक्याचा काळ बराचसा आधीच ठाऊक असतो आणि बाह्यरुग्ण पद्धतीची भिस्त त्यावरच असते. या काळात रुग्णासोबत जबाबदार व्यक्ती असावी लागते, रुग्णालय जवळ असावे लागते आणि तापमान, रक्तदाब व रक्तातील प्राणवायूची पातळी ठरावीक वेळाने मोजावी लागते. मेंदूवरील परिणाम ओळखण्यासाठी रुग्णाला रोज एक वाक्य लिहावयास सांगतात. अक्षर बिघडणे किंवा शब्द न आठवणे हा इशारा समजला जातो.

३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप आल्यास तत्काळ रुग्णालयाशी संपर्क साधणे आवश्यक असते. मायलोमाच्या रुग्णात ताप हे जंतुसंसर्गाचेही लक्षण असू शकते, आणि टोसिलिझुमॅबमुळे संसर्गाची लक्षणे झाकली जाण्याची शक्यता असते. म्हणून घरच्या घरी तापाची गोळी घेऊन वाट पाहणे धोक्याचे ठरते.

मर्यादा

ज्यांचे हृदय किंवा फुप्फुसे दुर्बल आहेत, ज्यांच्या शरीरात रोगाचा भार अधिक आहे, किंवा ज्यांना रात्री-अपरात्री रुग्णालयात पोहोचणे शक्य नाही, अशा रुग्णांसाठी दाखल होऊन उपचार घेणे अधिक सुरक्षित मानले जाते.