सहा फुटांची फळी

सकाळी साडेआठ. धायरीतल्या शेडचं शटर वर जाण्याआधीच मॅडमचा फोटो येऊन पडलेला. कुठल्याशा परदेशी दिवाणखान्यातलं पुस्तकांचं कपाट, भिंतभर आडव्या फळ्या आणि मध्ये एकही उभा आधार नाही. खाली मजकूर : ‘मला अगदी असंच हवंय.’ मी फोटो मोठा करून पाहिला. एका फळीवर सात-आठ पुस्तकं, मग फुलदाणी, मग पितळी हत्ती. माप घ्यायला मी मॅडमच्या घरी गेलो होतो तेव्हा तिथे हत्ती-बित्ती काही नव्हतं. विश्वकोशाचे जाडजूड खंड होते, महादेवशास्त्री जोशींच्या संस्कृतिकोशाचे दहा खंड होते आणि पलंगाखाली सुतळीनं बांधलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे. निवृत्त प्राध्यापिकेचं घर ते. ‘अकरा वाजता शेडवर येता का?’ एवढंच उत्तर दिलं.

नऊ. मिस्त्री फळ्या निवडायला बसले. मिस्त्री माझ्या वडिलांच्या वयाचे, सातारकडचे. त्यांच्यापुढे मी मालक असलो तरी ‘अहो मिस्त्री’ आणि ते मला ‘अरे’. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून आणलेला साग त्यांनी एकेक करून उजेडात धरला. कडेला पांढरं लाकूड दिसलं की ती बाजू खडूनं मारायची. वाळवी सागाला लागत नाही म्हणतात ते गाभ्यापुरतं खरं. बाहेरच्या पांढऱ्या भागाला ती खुशाल लागते, आणि नेमकी तीच फळी भिंतीकडून बसली तर कळतं फार उशिरा.

लाकडाचा हिशेब गिऱ्हाइकाला नेहमी संशयास्पद वाटतो, म्हणून मी तो बिलावरच मांडून देतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार करून 144 नं भागायचं, की आलं घनफूट. पण पैसे मोजतो ते इंची फळीचे आणि रंधून हातात राहते ती सात सुतांची. उरलेलं सूत भुशात जातं. आठ सुतांचा इंच, हे आमच्या धंद्यातलं पहिलं गणित. मिलिमीटरची पट्टी खिशात असूनही मिस्त्री आजही सुतातच बोलतात.

दहा. रंधा मशीन सुरू. पोऱ्यानं नाकाला फडकं बांधलं. सागाच्या भुशानं शिंका येतात, कुणाकुणाच्या अंगाला खाजही सुटते. फडक्यावर भागत नाही, मास्क लाव म्हणून रोज ओरडतो मी.

अकरा. मॅडम आल्या, रिक्षावाल्याला थांबायला सांगून. म्हणजे पाच मिनिटांत विषय मिटवायच्या तयारीनं.

मी आकडे सांगितले. पुस्तकांनी भरलेल्या फळीवर फुटाला धरून चाला दहाएक किलो. सहा फुटांची फळी म्हणजे साठ किलो. आणि लांबी दुप्पट झाली की बाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “अहो, पण त्या फोटोत आहे ना?”

मग बोलण्यात अर्थ नव्हता. मिस्त्रींनी दोन स्टुलं सहा फुटांवर मांडली, वर सात सुतांची, अकरा इंच रुंद फळी ठेवली. शेडमागं बांधकामाच्या विटा पडल्या होत्या, त्यातल्या वीस आणल्या. वीट साधारण तीन किलोची, म्हणजे झाले साठ. पोऱ्यानं त्या सारख्या अंतरानं मांडल्या, फळीच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणून धरली, आणि मी मध्यावर पट्टी लावली. पाच सुतांहून थोडं जास्त. मॅडम वाकून बघत होत्या. मग मध्ये तिसरं स्टूल सरकवलं. सुतळी आणि फळी जवळजवळ चिकटली. फटीतून जाड कागद गेला असता इतकंच.

“आणि हे आजचं,” मिस्त्री म्हणाले. “ताई, वजन वर्षानुवर्षं राहिलं ना, की लाकूड अजून खाली बसतं. मग विटा काढल्या तरी पोट जात नाही.”

फोटोतल्या कपाटाच्या फळ्या जाड असतील, आत लोखंडी पट्टी असेल किंवा पाठीमागून भिंतीत धरलेल्या असतील. ते मी सांगितलं. जाडी दुप्पट केली तर बाक आठपट कमी होतो हेही सांगितलं, आणि दुप्पट जाडीच्या सागाचा खर्चही. तो आकडा ऐकून रिक्षावाल्याकडे एकदा बघून झालं.

तोड मॅडमनीच काढली. “आधार तीन इंच आत घ्या ना. समोरून फळीची कड तर अखंड दिसेल?” दिसेल. माझ्या डोक्यात हे यायला हवं होतं असं म्हणता येईल, पण गिऱ्हाइकानं सुचवलेलं गिऱ्हाईक मोडत नाही, हा त्याचा मोठा फायदा. फक्त सगळे आधार वरपासून खालपर्यंत एका ओळंब्यात हवेत आणि सर्वांत खाली मध्यावर एक पाय हवा, नाहीतर वरचं सगळं ओझं तळफळी खाते. रिक्षा थांबून अर्धा तास झाला होता.

बारा. कप्प्यांच्या उंच्या नक्की केल्या. डेमी आकाराचं पुस्तक साडेआठ इंच उंच, त्याला दहाचा कप्पा, बोट घालून पुस्तक ओढायला जागा हवी. खालचा कप्पा तेराचा, कोशांसाठी. तळ जमिनीपासून चार इंच वर, कारण आपल्याकडे फरशी ओल्या फडक्यानं पुसतात. बोळा रोज कपाटाच्या पायथ्याला लागतो.

एक. जेवण. मिस्त्रींच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी असली की माझा डबा तसाच परत जातो.

दोन. अकरा इंची सलग फळी सागात महाग पडते आणि ती वाकडीही लवकर होते, म्हणून दोन अरुंद फळ्या कडेला कड लावून जोडायच्या. सागात तेल असतं. जोडायच्या कडा थिनरनं पुसून लगेच फेव्हिकॉल लावायचा, मग शिकंजे.

सव्वातीन. वीज गेली. मशीन बंद, पंखा बंद. मधल्या आधारांच्या खाचा राउटरनं मारायच्या होत्या, त्या मिस्त्रींनी पटाशी घेऊन हातानं सुरू केल्या. दोन सूत खोल, सात सूत रुंद, पुढून तीन इंच सोडून थांबायचं. खरं सांगायचं तर थांबलेल्या खाचेचा शेवटचा कोपरा राउटरला जमत नाहीच, तो गोल सोडतो. तिथे पटाशी लागतेच. पण सागात वाळूसारखी सिलिका असते, धार टिकत नाही. दर थोड्या वेळानं मिस्त्री दगडावर पटाशी घासतात, अंगठ्याच्या नखावर टेकवून बघतात. पोऱ्याला मी त्यांच्या शेजारी बसवलं. त्याची पहिली खाच ढिली झाली. मिस्त्रींनी ती फळी बाजूला काढली, “ही सर्वांत वरची. तिथं वजन कमी.” आणि पुढची आखून दिली.

पाच. वीज आली. पाठीचा भाग राहिला होता. तिथे चौकटीत पातळ फळ्या बसवतो, पण खाचेत नुसत्या सरकवून, गोंद न लावता. पावसाळ्यात साग रुंदीत फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. लांबीत जवळजवळ काहीच होत नाही. जखडून टाकला तर तो चौकट तरी उघडतो किंवा स्वतः फाटतो.

साडेसहा. गुण्या लावून चारही कोपरे पाहिले, मग कोरड्या जुळणीत दोन्ही कर्ण मोजले. सारखे आले. परत सगळं सुटं केलं, कारण मॅडमच्या जिन्याच्या वळणावरून अख्खं कपाट वर जाणार नाही. घरी नेऊन बोल्टनं जोडायचं.

सव्वासात. मॅडमचा फोन. धुळीसाठी सरकत्या काचा बसवल्या तर? बसतील, पण दोन रुळांना पुढून दीड-दोन इंच जातील, आणि आधार तीन इंच आत घेतलाय हे काचेमागे कुणाला कळणारच नाही.

“मग एवढं आत घेतलं कशाला?” त्या हसल्या. “राहू दे काचा. धूळ पुसायला मी आहे. दुसरा हप्ता पाठवलाय, बघा आला का.”

आला होता.