ऑप्शनल इंग्लिश

बारावी झालेल्या लेकरानं धारूरच्या एखाद्या घरात ‘मी इंग्लिश घेतलंय’ असं सांगितलं, की पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे बोलायचा क्लास का?’ दुसरा प्रश्न जरा थांबून येतो, ‘मग पुढं काय?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण या दोन प्रश्नांच्या मधे तीन वर्षं असतात, आणि त्या तीन वर्षांत नेमकं काय घडतं हे कुणी उलगडून सांगत नाही. प्रवेशाच्या खिडकीपाशी तर नाहीच. तिथं झेरॉक्स पूर्ण आहेत का, एवढंच बघतात.

पहिला गोंधळ नावातच आहे. बी.ए.ला इंग्रजी दोन रूपांत भेटते. एक ‘कंपल्सरी’, म्हणजे इतिहास घ्या नाहीतर राज्यशास्त्र घ्या, थोडीफार इंग्रजी सगळ्यांच्याच ताटात पडते: उतारे, अर्ज, पत्र, व्याकरण. दुसरी ‘ऑप्शनल’. नव्या शैक्षणिक धोरणानं तिला ‘मेजर’ हे नाव दिलं, तरी कट्ट्यावर अजून ‘ऑप्शनल’च म्हणतात. ही साहित्याची: कविता, नाटक, कादंबरी, समीक्षा आणि भाषाविज्ञान. फाडफाड बोलायला शिकवणं हे या दोघींचंही मुख्य काम नाही. हे बऱ्याच जणांना दुसऱ्या महिन्यात कळतं, आणि तेव्हा विषय बदलायची मुदत उलटून गेलेली असते.

धारूरचा बीड जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो. हे विद्यापीठ १९५८ सालचं. त्याआधी इथल्या मुलाला पदवी हवी असेल तर बहुधा हैदराबादची वाट धरावी लागे, आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवण्याची भाषा सुरुवातीला होती उर्दू. म्हणजे या भागात ज्ञानाची भाषा घरच्या भाषेहून वेगळी असणं नवं नाही. आजही धारूरच्या बाजारात दखनी कानावर पडते, बंजारा तांड्यावरच्या घरात गोरबोली, शाळेत मराठी. त्यामुळे ‘इंग्रजी ही यांची दुसरी भाषा’ असं पुस्तकं म्हणतात ते इथं खरं नाही. ती तिसरी असते, नाहीतर चौथी. भाषा बदलत दिवस काढायची सवय या लेकरांना आधीपासून आहे. तिला कुणी गुण देत नाही, एवढंच.

आता हिशोब. नव्या रचनेत सगळं श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये मोजतात. थिअरीच्या विषयाचा एक श्रेयांक म्हणजे वर्गातले पंधरा तास. चार श्रेयांकांचा पेपर साठ तासांचा. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक, चौथं वर्ष करून ‘ऑनर्स’ घेतलं तर १६० ते १७६. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन. कागदावर याला लवचिकता म्हणतात. आमच्याकडं बाहेर पडायला दार कधीच कमी नव्हतं. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल घेतली की ते आपोआप उघडतं.

साठ तासांचं गणितही इथं जरा वेगळं चालतं. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कॉलेजचं पहिलं सत्र पावसाळ्यातलं, ते बऱ्यापैकी पदरात पडतं. दुसरं सत्र जवळजवळ पूर्णच कोयत्याच्या हंगामात येतं. ज्या घरातलं पोरगं आईबापाबरोबर फडावर जातं, किंवा जी पोरगी मागं राहून धाकट्या भावंडांचा स्वयंपाक करते, त्यांच्या वाट्याला दुसऱ्या सत्राचं पुस्तक कमी आणि गाईड जास्त येतं. म्हणून आधी गाईडबद्दलच बोललं पाहिजे, आणि त्यासाठी वर्गाबद्दल.

वर्गात कविता कशी शिकवली जाते? सर एक ओळ वाचतात, तिचा मराठीत अर्थ सांगतात, पुढची ओळ वाचतात. कविता संपली की ‘सेंट्रल आयडिया’ लिहून देतात. यात चूक काही नाही. ही पहिली नांगरट आहे, ती झाल्याशिवाय पेरणी होत नाही. अडचण अशी की बहुतेक वेळा काम नांगरटीवरच थांबतं. गाईडमध्येही तेच मिळतं: कवीचा परिचय, सारांश, मध्यवर्ती कल्पना, चार संभाव्य प्रश्न. पोरं ते पाठ करतात आणि पासही होतात. तीन वर्षं इंग्रजी साहित्य शिकून एकही कविता स्वतः न वाचलेला पदवीधर असा तयार होतो.

हा आजार धारूरचा नाही. १९२०च्या दशकात केंब्रिज विद्यापीठात आय. ए. रिचर्ड्स नावाच्या प्राध्यापकानं एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना कविता दिल्या, पण कवीचं नाव झाकून, आणि काय वाटतं ते लिहून आणायला सांगितलं. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, अशा निवडक पोरांनी कवितांचे असे काही अर्थ लावले, की १९२९ साली रिचर्ड्सनं त्यावर ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हे अख्खं पुस्तक लिहिलं. नाव झाकलं की मोठमोठ्यांची भंबेरी उडते. भाषा येणं वेगळं आणि ओळ वाचणं वेगळं. दुसरी गोष्ट शिकावी लागते, त्यांनाही आणि आपल्यालाही. तीच ऑप्शनल इंग्लिशची खरी विद्या.

ती कशी चालते हे एका कवितेवर बघू. अरुण कोलटकरांचा ‘जेजुरी’ हा इंग्रजी कवितासंग्रह १९७६ साली आला, पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. पहिली कविता एसटीच्या प्रवासाची आहे, शेवटची रेल्वे स्टेशनवर वाट बघण्याची, आणि मधे खंडोबाचं गाव. पहिल्या कवितेत घडतं इतकंच: खिडक्यांवर ताडपत्री ओढलेली एसटी जेजुरीला चाललीय. समोर एक चष्मेवाला म्हातारा बसलाय. प्रवाशाला त्या चष्म्यात स्वतःचा चेहरा दिसतो. बाहेर बघण्यासारखं काही नाही. ऊन येतं, गाडी पोचते, प्रवासी उतरतो.

गाईड इथं लिहील, ‘आधुनिक माणसाचा श्रद्धेविषयीचा संशय’. असेल. पण आधी साधे प्रश्न विचारू. चष्म्यात दिसणारा चेहरा कसा असेल? भिंगं दोन आहेत, तेव्हा चेहरा दोन ठिकाणी, तुटलेला दिसणार. कवी ते मुद्दाम सांगतो. मग हा प्रवासी एकसंध मनानं देवाला निघालेला नाही, हे आपल्याला ‘संशय’ हा शब्द न वापरता कळलं. आणि कळलं ते कुठून? भिंगांच्या संख्येवरून. ही झाली वाचनाची पहिली पायरी: कल्पनेकडं जायचं ते वस्तूच्या वाटेनं.

दुसरी पायरी. बोलतोय कोण? कवितेत ‘आय’ नाही, ‘यू’ आहे. आता त्या ‘यू’चं मराठी करून बघा. तू? तुम्ही? की आपण? इंग्रजीत हा प्रश्नच उठत नाही, म्हणून केंब्रिजचा पोरगा त्यावरून सरळ पुढं निघून जाईल. धारूरची पोरगी मात्र इथं अडखळते, आणि तिचं अडखळणं फार मोलाचं आहे. ‘तू’ केलं तर प्रवासी स्वतःशी बोलतोय. ‘तुम्ही’ केलं तर तो वाचणाऱ्याला हाताला धरून सीटवर बसवतोय. ‘आपण’ केलं तर मराठी माणूस स्वतःची गोष्ट सगळ्यांची म्हणून सांगतो तसा सूर लागतो. इंग्रजी शब्दात तिन्ही शक्यता एकत्र बसल्यात. भाषांतर करताना एक निवडावी लागते, आणि निवड का केली हे चार वाक्यांत लिहिलं की तीच समीक्षा. यासाठी मराठी विसरावी लागत नाही. उलट मराठी हाताशी नसती तर हा प्रश्न सुचलाच नसता.

तिसरी पायरी, आपल्याला ठाऊक असलेलं कवितेत आणणं, पण बेतानं. भंडारा म्हणजे काय, जागरण-गोंधळ कसा असतो, नवस फेडायला निघालेल्या माणसाचा चेहरा कसा असतो, हे या वर्गातल्या कितीतरी लेकरांना पुस्तकाहून जास्त माहीत असतं. त्याचा उपयोग कवितेतली जागा उजळायला करायचा; कविता बाजूला ठेवून खंडोबावर निबंध लिहायला नाही. शेवटी गाडी पोचते, पण म्हाताऱ्याच्या डोक्यात काय चाललंय तिथवर प्रवासी काही पोचत नाही. तो म्हातारा आपल्या आजोबांसारखा वाटला, तर उत्तर लिहिताना अडचण होईल: आपण कुणाच्या बाजूचे, प्रवाशाच्या की म्हाताऱ्याच्या? ही अडचण उत्तरात लिहून टाकावी. चांगला परीक्षक तिथं थांबून वाचतो. वाईट परीक्षक पानं मोजतो, त्याला इलाज नाही.

उत्तराची घडण याच तीन पायऱ्यांवर उभी राहते. आपलं म्हणणं एका वाक्यात, त्याला कवितेतल्या एखाद्या शब्दाचा किंवा वस्तूचा पुरावा, आणि पुराव्यावरून म्हणणं कसं निघतं ते दोन-तीन वाक्यांत. कवीचा जन्म कोल्हापूरचा, हे कवितेशी जोडता येत नसेल तर खुशाल वगळावं. वाक्यं छोटी ठेवावीत. मराठीत क्रियापद शेवटी येतं म्हणून आपण लांब वाक्याचा तोल सांभाळतो. तेच वाक्य इंग्रजीत ओढलं की कर्त्याला क्रियापद सापडेनासं होतं. आणि ‘ए’ नि ‘द’ ही उपपदं मराठीत नसल्यामुळं ती आयुष्यभर चुकत राहतात. त्याचं फार मनाला लावून घेऊ नये, पण लिहिलेलं एकदा फक्त त्यांच्यासाठी वाचावं.

छंदाचा भाग बहुतेकांना सगळ्यात कोरडा वाटतो. तो तसा नाही. इंग्रजी सॉनेट चौदा ओळींचं, ओळीत साधारण दहा अक्षरं, त्यांतल्या पाचांवर जोर. मराठीत लघु-गुरू मोजतात, इंग्रजीत आघात मोजतात, एवढा फरक पकडला की निम्मं काम झालं. केशवसुतांनी १८९२च्या सुमारास हा घाट मराठीत आणला, त्याला ‘चतुर्दशक’ म्हटलं. पुढं ‘सुनीत’ हे नाव रुळलं. शेजारच्या अंबाजोगाईशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ ओवीत रचला, त्यालाही आठशे वर्षं होऊन गेली. घाट म्हणजे काय हे या मातीला कुणी नव्यानं शिकवायला नको.

ध्वनीचा पेपर थोडक्यात. प्रमाण ब्रिटिश उच्चारात ४४ ध्वनी मानतात, वीस स्वर आणि चोवीस व्यंजनं, आणि अक्षरं मात्र सव्वीसच. घाबरायचं कारण नाही. ‘चहा’ आणि ‘चाकू’ यांतला च आपण एकच लिहितो आणि दोन तऱ्हांनी म्हणतो, ते जन्मापासून जमतंय. अडतं ते दुसरीकडं: ‘वेस्ट’ म्हणताना ओठांचा चंबू, ‘व्हेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला. आपला ‘व’ या दोहोंच्या मधे कुठंतरी राहतो. आणि ‘रेकॉर्ड’ या शब्दात जोर पुढं दिला तर नाम, मागं दिला तर क्रियापद. हे फळ्यावर पाहून येत नाही, मोठ्यानं म्हणावं लागतं. घरातले हसतात. हसू द्यावं.

नाटकाला एक सोय आहे, ती फार कमी जण वापरतात. शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ अभ्यासाला असेल तर विंदा करंदीकरांचं भाषांतर ‘राजा लिअर’ शेजारी उघडं ठेवावं. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मागं लिअरची सावली आहेच. विंदा स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक होते. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत. ‘कोसला’ लिहिणारे नेमाडे मराठवाडा विद्यापीठातही इंग्रजीचे अध्यापक होते. इंग्रजी शिकवायची आणि मराठीत लिहायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

राहिला घरच्यांचा दुसरा प्रश्न. पुढं बी.एड. करून शाळा, किंवा एम.ए. आणि मग प्राध्यापकीसाठी नेट नाहीतर सेट. महाराष्ट्र-गोव्याची सेट पुण्याचं विद्यापीठ घेतं: दोन पेपर, मिळून तीनशे गुण. पण सेट झाली म्हणजे नोकरी लागली, असं कुणी सांगत असेल तर त्याला विचारावं, तासिका तत्त्वावर किती वर्षं काढलीत? राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेतही इंग्रजीचा पेपर असतो, आणि नीट वाचून मुद्द्याचं लिहायची सवय तिथं कामी येते. अनुवादाचं काम मिळतं, पण पोट भरण्याइतकं सहसा नाही. हे सगळं प्रवेशाआधीच सांगावं. लेकरू तरीही ऑप्शनल घेणार असेल, तर ते डोळे उघडे ठेवून घेईल.

आणि जे फडावर जाणार आहेत त्यांच्यासाठी. शेक्सपिअरच्या सॉनेटांचं पुस्तक १६०९ सालचं, त्यावर आता कुणाचा हक्क नाही. प्रोजेक्ट गटेनबर्गवरून सगळीच्या सगळी १५४ फुकट उतरवून घेता येतात. निघण्याआधी गावातच उतरवून घ्यावीत, मग रेंज असो-नसो. चौदा ओळी मोबाइलच्या पडद्यावर सहसा मावतात. दिवसभराच्या तोडणीनंतर डोळे मिटतात, तेव्हा रोज एक वाचणं व्हायचं नाही. आठवड्याला एक धरावं: सोमवारी नुसतं वाचायचं, मधे गाडी भरताना-रिकामी करताना एखादी ओळ तोंडात घोळवायची, रविवारी त्यातल्या एका शब्दावर मराठीत चार वाक्यं लिहायची. हंगाम वीस-बावीस आठवड्यांचा झाला तर तेवढी होतील. परत आल्यावर वही सरांना दाखवावी.