पूर्वीची माणसं खरंच काटक होती?

‘पूर्वीची माणसं काटक. आमच्या पणजीची अकरा बाळंतपणं घरात झाली, कधी दवाखान्याची पायरी चढली नाही.’ रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही वाडीवर गणपतीला किंवा शिमग्याला चार पिढ्या एका पडवीत बसल्या की हे वाक्य येतंच. ते खोटं नसतं, पण अर्धंच सांगितलेलं असतं. त्या अकरांपैकी मोठी किती झाली, हे सहसा कुणी विचारत नाही.

उत्तर पाहायचं तर कोकणातल्या अनेक घराण्यांनी छापलेले कुलवृत्तांत उघडावेत. पानामागून पान नावं येतात आणि त्यांच्यापुढे ‘बालपणी निधन’, ‘अल्पवयात वारला’ अशा नोंदी येतात. मुलींची तर पुष्कळदा नोंदच नसते. आणि ज्यांच्या घरी कुलवृत्तांत छापले गेले नाहीत त्या कुणबी, भंडारी, बौद्ध, दालदी कुटुंबांतल्या गेलेल्या पोरांची कागदावर तेवढीही खूण उरलेली नाही. आज नव्वदीतली जी ताठ आजी आपण पाहतो ती त्या काळातून वाचलेली आहे. न वाचलेली तिची भावंडं आपल्या डोळ्यांसमोर नसतात, म्हणून तो काळ आपल्याला निरोगी वाटतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे दोनशे बाळं पहिला वाढदिवस पाहत नसत. १९७१ मध्ये हा आकडा १२९ होता, २०२० मध्ये तो २८ झाला. महाराष्ट्रात त्या वर्षी तो १६ होता. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षांचं होतं, आज ते सत्तरच्या आसपास आहे.

बाळाच्या जन्मानंतर पाचवी-सहावी पुजायची, रात्रभर जागायचं, सटवाईला साकडं घालायचं ही रीत आपल्याकडे आहे. त्या दिवसांची भीती अनाठायी नव्हती. विळ्याने किंवा गंजक्या पात्याने नाळ कापल्यावर होणारा नवजात धनुर्वात साधारण तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत गाठतो. तान्हं बाळ दूध ओढेनासं व्हायचं, ताठ व्हायचं आणि जायचं. गरोदरपणातली धनुर्वाताची लस, निर्जंतुक पातं आणि दवाखान्यातली प्रसूती एवढ्यावर हा रोग इतका मागे हटला, की २०१५ मध्ये माता व नवजात धनुर्वात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरलेला नाही, असा निर्वाळा भारताला मिळाला. आज पाचवी पुजताना आईच्या मनात ती जुनी धास्ती नसते. हा बदल आपल्या घरात, आपल्या दोन-तीन पिढ्यांत घडला आणि आपण त्याची दखलही घेतली नाही.

‘जगात गरिबी वाढतच चालली आहे’

हा समज साऱ्या जगात आहे. स्वीडनचे डॉक्टर हान्स रोसलिंग यांनी २०१७ मध्ये १४ देशांतल्या सुमारे १२,००० लोकांना विचारलं: गेल्या वीस वर्षांत जगातल्या अत्यंत गरीब लोकांचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं, तेवढंच राहिलं, की जवळजवळ निम्मं झालं? निम्मं झालं हे बरोबर उत्तर सरासरी ७ टक्के लोकांनीच दिलं. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी ३३ टक्के बरोबर आले असते.

जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये अत्यंत गरिबीची रेषा वर नेली. आता ती खरेदीशक्तीच्या हिशेबाने माणशी दिवसाला ३ डॉलर आहे. या कडक मापाने मोजलं तरी १९९० मध्ये जगातल्या दर दहा माणसांपैकी चारांहून अधिक जण रेषेखाली होते. आज साधारण एक आहे. भारताचा आकडा २०११-१२ मध्ये २७.१ टक्के होता, तो २०२२-२३ मध्ये ५.३ टक्क्यांवर आला. यातली थोडी घट पाहणीची पद्धत बदलल्यामुळे दिसते, हे सांगायलाच हवं. पण सगळी घट त्यामुळे नाही. आणि ही वाट सरळ उताराची नव्हती. २०२० मध्ये करोनाने जगभरात सुमारे सात कोटी माणसं पुन्हा खाली ढकलली. त्या वर्षी मुंबईहून चालत, मिळेल त्या गाडीने गावी परतलेले चाकरमानी रत्नागिरीने पाहिले आहेत.

पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू १९९० मध्ये जगात वर्षाला सव्वा कोटीच्या वर होते. २०२३ मध्ये ते ४८ लाखांच्या आसपास आले. ४८ लाख हा भयंकर आकडा आहे, कारण त्यातले बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगे आहेत. तरीही १९९० ची स्थिती कायम राहिली असती तर दरवर्षी किती लाख आईबाप आणखी रडले असते, याचाही हिशेब ठेवावा लागतो.

‘मुलं वाचली की लोकसंख्या भरमसाट वाढते’

हे वाक्य शिकलेली माणसं बोलतात तेव्हा जास्त वाईट वाटतं, कारण त्याच्या तळाशी ‘गरिबांची मुलं मेली तर बरं’ असा अर्थ असतो, बोलणाऱ्याच्या ध्यानात आला नाही तरी.

घडतं ते उलट. जन्मलेलं मूल जगेल याची खात्री पटली, मुलीला शाळा मिळाली, संततिनियमनाची साधनं हाताशी आली की आईबाप स्वतःहून कमी मुलं होऊ देतात. साठच्या दशकात जगात बाईमागे सरासरी पाच मुलं होती, आता सव्वादोनच्या आसपास आहेत. पंधरा वर्षांखालच्या मुलांची जगातली संख्या गेली काही वर्षं दोनशे कोटींच्या आसपास थबकली आहे. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार बाईमागे १.७ मुलं होती. रत्नागिरीची तर लोकसंख्याच घटली: २००१ च्या जनगणनेत १६,९६,७७७ आणि २०११ मध्ये १६,१५,०६९.

या बाबतीत आपल्या जिल्ह्याचं एक ऋण जगाला ठाऊक नाही. दापोली तालुक्यातल्या मुरूडच्या कर्वे घराण्यातले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. संततिनियमनाच्या ब्रिटिश पुरस्कर्त्या मेरी स्टोप्स यांचं लंडनमधलं केंद्र त्याच वर्षीचं. कर्व्यांना त्यापायी प्राध्यापकी सोडावी लागली, खटले सोसावे लागले, तरी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत चालवलं. आज ज्याला आपण सहज ‘छोटं कुटुंब’ म्हणतो त्यामागे अशी एकाकी झुंज आहे.

‘रत्नागिरीत बायका जास्त, म्हणजे इथे मुलींचं बरं चाललंय’

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, महाराष्ट्रात सर्वाधिक. राज्याचा आकडा ९२९. भाषणांतून हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. पण तो मुख्यतः गावाबाहेर गेलेल्या पुरुषांचा आकडा आहे. गिरण्यांच्या काळापासून कर्ता पुरुष मुंबईला, बाई शेताला आणि घर मनीऑर्डरीवर, अशी इथली रीत. मुलींची खरी स्थिती पाहायची तर सहा वर्षांपर्यंतची मुलं मोजावी लागतात. तिथे रत्नागिरीचा आकडा २००१ मध्ये ९५२ होता, २०११ मध्ये ९३६ झाला. राज्याच्या ८९४ पेक्षा बरा, पण घसरलेला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा करणाऱ्या राज्यात, तोही १९८८ मध्ये, हे घडलं.

‘मोठी हॉस्पिटलं आणि परदेशी पैसा असल्याशिवाय काही होत नाही’

याला आमच्या कोकणाचंच उत्तर आहे आणि ते मला फार मोलाचं वाटतं. १९७६ च्या सुमारास डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जांभ्या दगडाच्या आमच्या पट्ट्यात लाल विंचू उदंड. कवळं उचलताना, गडगा रचताना, अंधारात चप्पल घालताना तो डसायचा. डसलेली लहान मुलं घामाने भिजायची, हातपाय गार पडायचे, मग फुप्फुसात पाणी भरून धाप लागायची आणि मूल दगावायचं. गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस जात असत. मांत्रिक आणि उतारे हाच बहुतेकांचा इलाज होता.

बावस्करांनी खाटेशेजारी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर असह्य ताण येतो, हे त्यांनी ओळखलं. मग त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं साधं, स्वस्त औषध वापरून पाहिलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. त्यांचं संशोधन ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि विंचूदंशावर हा उपचार इतर देशांतही वापरला जाऊ लागला. हे सगळं ग्रामीण कोकणात, टिपणवही आणि गोळीच्या बळावर झालं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती यायला फार वर्षं लागली असं माझं स्पष्ट मत आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत थोडं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. बाळाला ऊब कशी द्यायची, वजन कसं करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इंजेक्शन कधी द्यायचं, हे त्या शिकल्या. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते निष्कर्ष जगापुढे आले. आज बाळंतिणीच्या घरी फेऱ्या मारणाऱ्या आशाताई ज्या पद्धतीने काम करतात तिचा उगम तिथे आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि मृत्यू तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आणले. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लागतं ते एवढंच. असं असूनही २०१९-२१ च्या पाहणीत जुलाब झालेल्या दहा भारतीय मुलांपैकी चारांना हे पाणी मिळालं नव्हतं.

आणि गरीब देश नुसते घेणारे आहेत, हेही खरं नाही. आफ्रिकेतल्या मेंदूज्वराच्या साथींना आवर घालणारी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली. २०१० मध्ये बुर्किना फासोत ती पहिल्यांदा मोठ्या मोहिमेत दिली गेली तेव्हा मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरहून कमी होती.

‘मग आता सगळं झालं म्हणायचं’

हा नवा गैरसमज आहे आणि पहिल्या समजाइतकाच घातक. मुलं जगू लागली, पण जगलेली मुलं पुरेशी वाढत नाहीत. वयाच्या मानाने उंची खुंटलेली मुलं महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होती. दहा वर्षांत ती ३४.४ वर आली. तेवढ्या काळात राज्याचं राजमाता जिजाऊ पोषण अभियान झालं, अंगणवाड्यांतली पदं भरली गेली, बाळाच्या पहिल्या हजार दिवसांवर भर आला. त्यानंतर २०१९-२१ मध्ये आकडा ३५.२, म्हणजे घट थांबली. राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी निघाल्या. त्याआधीच्या पाहणीत ४८ टक्के होत्या. पैसा वाढला, रस्ते झाले, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, आणि बाईचं रक्त मात्र कमी झालं.

पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. ज्या आयांच्या जेवणात पालेभाजी, फळं आणि दूध अधिक होतं त्यांची बाळं वजनाने बरी निघाली. आमच्याकडे चिपळूण तालुक्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने खेड्यांतल्या सोळा ते अठरा वर्षांच्या मुलींचा अभ्यास केला, तेव्हा बारीक आणि बुटक्या राहिलेल्या मुली मोठ्या संख्येने आढळल्या. याच मुली उद्या आई होणार आहेत. बाळाचं वजन तिथून ठरायला लागतं, गरोदरपणी दिलेल्या गोळीने ते एकदम भरून निघत नाही.

हा प्रश्न ताटात आहे, आणि ताट कोण आधी वाढून घेतं, यातही आहे. टाकळा, भारंगी, शेवग्याचा पाला पावसात फुकट मिळतो. तो घरातल्या पुरुषांच्या आणि मुलग्यांच्या पानात पडून उरलाच तर मुलीला. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये कातळावरच्या वाड्यांना टँकर लागतो आणि हंडा वाहायला मुलगीच जाते. तिची शाळा, तिची झोप आणि तिचं वजन या तिन्हींवर त्याचा परिणाम होतो.

म्हणून यंदा गणपतीला गावी जाल तेव्हा एक वेळ काढा. आपल्या वाडीच्या अंगणवाडीत जा, वजनकाटा आणि उंची मोजायची पट्टी चालू स्थितीत आहे का ते पाहा, मुलांच्या वजनांच्या नोंदी शेवटच्या कधी झाल्या ते विचारा. घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. आरोग्य केंद्रात ते फुकट होतं. बाराच्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि त्या दिवसापासून तिचं पान आधी वाढा.