परतीची वाट नसलेले घोडे

१८७१ सालच्या उन्हाळ्यात विल्यम मॉरिस हा इंग्रज कवी आणि नक्षीकार आइसलँड पाहायला गेला. गाडी जाईल असे रस्ते त्या काळी तेथे जवळजवळ नव्हतेच. मॉरिस व त्याचे सोबती सुमारे सहा आठवडे घोड्यांवरून हिंडले. लाव्हाची खडबडीत पठारे त्यांनी तुडवली. पूल नसलेल्या थंडगार नद्या घोड्यांच्या पाठीवर बसूनच ओलांडल्या. देशाचा निरोप घेताना मॉरिसने आपल्या दोन मुलींसाठी एक तट्टू बरोबर नेले. त्याचे नाव ‘माऊस’, म्हणजे उंदीर! पुढे १८७३ साली मॉरिस पुन्हा आइसलँडला जाऊन आला. माऊस मात्र इंग्लंडमध्येच राहिला.

आजही लोक घोड्यावरून आइसलँडची सफर करतात. सफर संपली, की घोड्याचा निरोप घेणे जड जाते. हवा तर तो विकत घेऊन परदेशी नेता येतो. पण एकदा देशाबाहेर गेलेला घोडा कायद्याने पुन्हा आइसलँडमध्ये आणता येत नाही. परदेशी घोड्यांनाही तेथे प्रवेश नाही. इतकेच काय, परदेशात वापरलेले खोगीर किंवा लगामसुद्धा आणता येत नाही. एवढी कडक बंदी कशासाठी बरे?

याचे उत्तर घोड्याच्या रक्तात आहे. शरीरात एखादा रोगजंतू शिरला, की रक्तातील पांढऱ्या पेशी त्याच्याशी झुंजतात आणि त्याला नेमकी मारक ठरणारी प्रतिद्रव्ये तयार करतात. यांपैकी काही पेशी त्या जंतूची ‘आठवण’ ठेवतात. तोच जंतू पुन्हा आला, तर प्रतिकार झटपट होतो. पण ज्याची कधी गाठच पडली नाही, त्याची आठवण कोठून असणार?

सुमारे अकराशे वर्षांपूर्वी समुद्रमार्गे आलेल्या वसाहतकारांनी आपल्या जहाजांतून या घोड्यांचे पूर्वज आणले. पुढे चहूकडचा समुद्र आणि बाहेरच्या घोड्यांना असलेली मनाई यांमुळे हा कळप जगापासून वेगळा राहिला. इतर देशांत सर्रास आढळणारा घोड्यांचा फ्लू तेथे नाही. म्हणून तेथील घोडे निरोगी आहेत, पण त्याच कारणाने ते दुबळेही आहेत. बाहेरून एखादा रोग शिरला, तर त्याला अडवणारे कोणीच नाही.

ही भीती पोकळ नाही. २०१० साली आइसलँडच्या घोड्यांमध्ये खोकल्याची साथ पसरली. एका प्रशिक्षण केंद्रात घोड्यांना पाण्यात फिरत्या पट्ट्यावर चालवीत असत. तेथे आलेल्या घोड्यांमार्फत साथ दूरवर गेली, असे पुढे तपासात आढळले. पाहता पाहता देशातील जवळजवळ सर्व, म्हणजे पाऊण लाखाहून अधिक घोडे खोकू लागले. त्या वर्षीचा राष्ट्रीय अश्वमेळाही होऊ शकला नाही. रोगाला कारण ठरलेला जीवाणू मात्र परदेशातील घोड्यांच्या अंगात नेहमी आढळणाऱ्या जातीचा होता!

देश सोडणाऱ्या घोड्यालाही किंमत मोजावी लागते. युरोपात घोड्यांना चावणारी बारीक चिलटे असतात. त्यांच्या लाळेची ॲलर्जी होऊन घोड्याला असह्य खाज सुटते. तो खांबाला अंग घासून घासून रक्तबंबाळ होतो. गंमत अशी, की याच जातीचे जे घोडे युरोपात जन्मतात, त्यांना हा त्रास बराच कमी होतो. शिंगरू असतानाच त्यांची चिलटांशी ओळख झालेली असते. आइसलँडमध्ये ही चिलटे नाहीत, त्यामुळे तेथे वाढलेल्या घोड्याच्या शरीराला ती सवय लागलेली नसते.

आइसलँडी घोड्यांच्या जागतिक स्पर्धाही भरतात. त्या आइसलँडमध्ये भरवता येत नाहीत, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. आइसलँडचा स्वार आपला सर्वांत लाडका घोडा घेऊन परदेशी जातो. जाताना त्याला ठाऊक असते, की आपण जिंकलो तरी घोडा परत येणार नाही. स्पर्धा संपते. स्वार घोड्याच्या मानेवरून हात फिरवतो, त्याला नव्या मालकाच्या स्वाधीन करतो, आणि वापरलेले खोगीरही तेथेच ठेवून रिकाम्या हातांनी मायदेशी परततो.