थायरॉईड मंदावली, तर हृदयाकडेही बघा
गळ्याच्या पुढच्या भागातली थायरॉईड ग्रंथी मंदावली की यकृत रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, नीट उचलू शकत नाही. ते रक्तात साचते, धमन्या ताठर होतात, खालचा रक्तदाब वाढतो. उपचाराविना वर्षे गेली, तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्यांत चरबीचे थर जमून त्या अरुंद होण्याचा धोका वाढतो. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक, १० च्या वर असेल, तर लक्षणे नसतानाही हा धोका वाढलेला आढळतो.

म्हणूनच कोलेस्टेरॉल जास्त आले, तर ते कमी करणारे स्टॅटिन हे औषध सुरू करण्यापूर्वी टीएसएच तपासून घ्यावे. थायरॉईडची कमतरता भरून निघाली की अनेकदा कोलेस्टेरॉलही उतरते. ती तशीच राहिली, तर स्टॅटिनमुळे स्नायू दुखण्याची शक्यता वाढते.

हृदयविकार असलेल्यांनी मात्र विशेष जपावे. थायरॉईडची कमतरता भरून काढणाऱ्या थायरॉक्सिनच्या गोळीने हृदयाची गती आणि ऑक्सिजनची गरज वाढते. एकदम मोठा डोस घेतल्यास छातीत दुखू शकते. त्यामुळे डॉक्टर बहुधा १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून काही आठवड्यांच्या अंतराने डोस वाढवतात. गोळी आपल्या मनाने वाढवू नका, बंदही करू नका. छातीत दुखले किंवा धडधड वाढली, तर लगेच डॉक्टरांना गाठा.